हा आजार कोणत्या जन्मातला?

माझ्या हृदयाचे ठोके बिघडलेत हे नात्यागोत्यात कळलं, तेव्हापासून घरी येणारी माणसं एक गोष्ट हमखास बोलतात. कुणी आडून, कुणी तोंडावर. दारव्ह्याच्या एका नात्यातल्या बाईंनी तर माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "मागच्या जन्मी कोनाचं काळीज दुखवलं असन बाई, म्हणून तुह्या काळजाले लागलं." त्यांची माया खरी होती. पण त्या गेल्यावर ते वाक्य घरात राहिलं. आम्ही बौद्ध. माझ्या वडलांनी १९५६च्या धम्मदीक्षेनंतर देव्हारा उचलला, आम्हा भावंडांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ करायला लावल्या. तरीही मागच्या जन्माचं हे खातं आमच्या उंबऱ्याच्या आत सहज येऊन बसतं, आणि आजारी माणसापाशी तर फारच लवकर येतं. म्हणून त्याला एकदा नीट उत्तर द्यावं, असं मला वाटत होतं.

आधी आजार सांगते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी एका लयीत आकुंचन पावायचं असतं. माझे ते कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, मिनिटाला साडेतीनशेच्या वर. त्यातले काही इशारे खाली पोचतात, काही पोचत नाहीत, आणि खालचे कप्पे मिळेल त्या इशाऱ्यावर चालतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला हे कार्डिओग्रामच्या पट्टीवर दाखवलं. त्यांनी एका कोऱ्या कागदाची कड पट्टीला लावली, दोन उंच टोकांच्या खाली पेनाने खुणा केल्या आणि तो कागद पुढे सरकवत नेला. पुढच्या दोन टोकांवर त्या खुणा जुळल्या नाहीत. त्याच्या पुढच्यावरही नाहीत. अख्ख्या पट्टीवर दोन अंतरं सारखी सापडली नाहीत. प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटा उंचवटा असायला हवा, तोही कुठे नव्हता. तिथे नुसती बारीक थरथरती रेघ होती. मी प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, मुलांच्या वह्यांत समान अंतरावर रेघा मारायला शिकवल्या आहेत. ती पट्टी मी बराच वेळ बघत बसले.

पुढे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात इको झाला. छातीवर गार जेल, पडद्यावर उघडमीट करणारी झडप. मग घशातून नळी घालून आतून बघितलं, कारण डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, रक्त तिथे साचून गुठळी धरतं आणि ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर लकवा मारतो. त्या नळीच्या तपासाची मला फार धास्ती होती. झाला मात्र पाच-दहा मिनिटांत. गुठळी नव्हती. माझ्या लेकीने बाहेर बाकावर बसून किती वेळा बोटं मोडली असतील, ते तिचं तिला माहीत.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: डावा कप्पा फार मोठा झाला आहे, शॉक देऊन ठोके लयीत आणले तरी ते टिकणार नाहीत, तेव्हा लयीचा नाद सोडायचा, वेग गोळ्यांनी आवरायचा आणि रक्त पातळ ठेवायचं. कप्पा मोठा होण्याचं कारण म्हणजे माझी डावी झडप लहानपणापासून अरुंद झालेली. ती पहिल्यांदा कळली दुसऱ्या बाळंतपणात, पायऱ्या चढताना दम कोंडायला लागला तेव्हा. नागपूरला मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडली होती. ती झडप इतक्या वर्षांनी पुन्हा आवळली. आणि झडप मुळात खराब झाली ती एका घसादुखीने.

ही घसादुखी मला आठवते. मी बाभूळगाव तालुक्यातल्या खेड्यात वाढले. वडील सालदार, आई निंदणाला आणि कापूस वेचायला रोजाने. मातीच्या एका खोलीत आम्ही सगळी भावंडं एकाच वाकळीखाली निजायचो. एकाला खोकला झाला की सगळ्यांना व्हायचा. मी तिसरीत असेन. घसा सुजला, ताप आला, आईने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, ताप उतरला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा धरला, मग मनगट. घरातले म्हणाले, वाढीचं दुखणं. कुणीतरी वातावरचं तेल आणून दिलं. महिन्याभरात मी पुन्हा शाळेत जायला लागले आणि सगळे ते विसरले. याला रुमॅटिक ताप म्हणतात. घशातल्या जंतूंशी लढायला शरीर जे तयार करतं, तेच चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे सुधारतात. झडप हळूहळू जाड होत, आकसत जाते, वीस-तीस वर्षं.

श्रीमंत देशांत फिब्रिलेशन हा मुख्यतः सत्तरीच्या पुढचा आजार आहे. आपल्याकडे हृदयतज्ज्ञांनी दीड हजारांवर रुग्णांची नोंद ठेवली, तर सरासरी वय ५५च्या आसपास निघालं आणि जवळपास निम्म्यांच्या झडपा माझ्यासारख्या रुमॅटिक तापाने बिघडलेल्या निघाल्या. हा ताप दाटीवाटीच्या घरांत होतो, जिथे घसा दुखला म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही तिथे होतो. मागच्या जन्मी काळजं दुखवणारी सगळी माणसं नेमकी सालदारांच्या, रोजमजुरांच्या घरीच जन्माला येतात, असं मानायचं का? मला ते मानता येत नाही.

आमच्या विहारात वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होतं. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. कर्माचा प्रश्न त्यांनी त्यात बाजूला सारला नाही. माणसाची आजची अवस्था त्याच्या पूर्वजन्मातल्या कर्मांनी ठरते ही शिकवण बुद्धाची असू शकत नाही, असं ते मांडतात, आणि त्यामागचं कारण फार थेट सांगतात: गरिबाची गरिबी त्याच्याच जुन्या कर्मावर टाकली की समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून सुटतात. हे प्रकरण वाचताना मी दर वेळी माझ्या झडपेचा विचार करते.

आणि यवतमाळकरांना तर हे पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही. २०१७च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो माणसं दवाखान्यांत भरती झाली. तेव्हा आपण काय विचारलं? औषधं कोणती मिसळली, ती कुणी विकली, मास्क का नव्हते, डोक्याएवढ्या वाढलेल्या पराटीत वाऱ्याविरुद्ध फवारायला कुणी लावलं. सरकारलाही चौकशी लावावी लागली. त्या मजुरांच्या मागच्या जन्माची चौकशी करा, असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर लोकांनी त्याला उभं केलं नसतं. मग लेकराच्या घशाच्या बाबतीत आपण मागच्या जन्माकडे का पळतो? मला वाटतं, विष डोळ्यांना दिसलं, पंप दिसला, म्हणून कारण शोधता आलं. जंतू दिसला नाही, आणि घसादुखी नि धाप यांच्यात तीस वर्षांचं अंतर पडलं. अंतर पडलं की माणूस मधली जागा जन्मांतराने भरून काढतो.

यावर आमच्याच विहारातले एक जाणते भन्ते मला म्हणाले, "ताई, पण पालीत आठवं कारणही आहे. ते सोडून चालायचं नाही." ते बरोबर बोलले. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणसाला जे सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, तिघांचा मेळ, ऋतूचा बदल, स्वतःची नीट निगा न राखणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्माचा विपाक. आणि म्हणतो, की सगळं पूर्वकर्मामुळेच म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाला जे सत्य म्हणून ठाऊक आहे त्याच्याही. मिलिंदपञ्हमध्ये नागसेन राजा मिलिंदाला हीच आठ कारणं सांगतो आणि वर म्हणतो, की विपाकाचा वाटा थोडा, बाकीच्यांचाच जास्त.

तरीही आठवं कारण यादीत आहेच. ते मी पुसून टाकत नाही. पण अंगुत्तर निकायात बुद्धाने विचार करून हाती न लागणाऱ्या, डोकं फिरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत आणि कर्माचा विपाक त्यांतली एक आहे. म्हणजे कुणाच्या कोणत्या दुखण्यामागे कर्म आहे, हे तुम्हाआम्हाला कळायचा मार्ग नाही. जे कळायचा मार्ग नाही, ते दुसऱ्याच्या खाटेशी बसून त्याच्यावर लावायचा अधिकार कुणालाच नाही. माझ्या मते प्रश्न इथे मिटतो. कर्म आहे की नाही यावर विद्वानांनी वाद घालावा. आजारी माणसाला त्याचा निकाल ऐकवू नये.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. माझी धाकटी बहीण त्याच वाकळीखाली, माझ्या कुशीत निजायची. तिलाही तेव्हा घसादुखी झाली होती. तिचं हृदय ठणठणीत आहे, ती अजून वावरात राबते. तेच घर, तोच जंतू, तेच गुळण्यांचं पाणी. मग मीच का? दारिद्र्य म्हटलं तर तिच्याही वाट्याला तेच आलं. डॉक्टर सांगतात, जंतू लागलेल्या मुलांपैकी थोड्यांनाच हा ताप होतो, शरीराशरीराची घडण वेगळी असते. या उत्तराने समाधान होत नाही, हे मी कबूल करते. पण मला पटतं ते हे, की एकच कारण मागणं हीच माझी अपेक्षा चुकीची आहे. प्रतीत्यसमुत्पादात कोणतीही गोष्ट एका कारणाने होत नाही, अनेक गोष्टी जुळतात तेव्हा होते. घर, जंतू, रक्तातला काहीतरी बारीक फरक, न मिळालेलं पेनिसिलिन. यातली शेवटची गोष्ट माणसाच्या हातातली होती. रक्तातला फरक कुणाच्या हातात नव्हता. ‘मीच का’ या प्रश्नाचं जेवढं उत्तर हाती लागतं तेवढं मी घेते आणि उरलेलं तसंच राहू देते. ते रिकामं राहिलेलं मला सोसवतं. मागच्या जन्मीच्या पापाने भरलेलं सोसवत नाही.

पौर्णिमेला विहारात आनापानाला बसते. श्वास शांत झाला की ठोके जास्तच कळतात. दोन लागोपाठ येतात, मग जागा रिकामी, मग एक जोराचा. सुरुवातीला त्या रिकाम्या जागेत मला मरण दिसायचं. घाम फुटायचा. आता ठोका वेगळा आणि भीती वेगळी, एवढं ओळखता येतं. भीती ठोक्याच्या मागून येते आणि थोडी थांबून जाते. ठोका मात्र ध्यानाने सुधारत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण साधनेवर विश्वास ठेवून गोळ्या सोडलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. बुद्धाने स्वतः जीवक वैद्याची औषधं घेतली. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला त्याने आनंदाला सोबत घेऊन आंघोळ घातली, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असं संघाला बजावलं. त्या भिक्खूला त्याने विचारलं ते एवढंच, की तुला काय होतंय आणि तुझी काळजी घ्यायला कुणी का नाही.

रक्त पातळ ठेवायची माझी गोळी एसिट्रॉमची, रोज संध्याकाळी. आयएनआरसाठी, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायला, रक्त तपासत राहावं लागतं, आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी आली, अंबाडी आली, की मन होतं. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केने गोळीचा जोर कमी होतो. बंद करायची नाही, पण रोज सारख्याच मापाने खायची. हे माप राखणं मला शीलाइतकंच गंभीर वाटतं. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्या तेव्हा मला मोठी आशा वाटली होती. पण २०२२ साली आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर रुमॅटिक रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल आला आणि आमच्यासारख्यांना जुनंच औषध जास्त तारतं, असं दिसलं. नवी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले होते. वाईट वाटलं, पण निदान आमच्यासारख्या गरीब देशांच्या हृदयांवर कुणीतरी वेगळा अभ्यास केला, याचं बरंही वाटलं.

तेव्हा दारव्ह्याच्या त्या मावशींना आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच. आजारी माणसाकडे जाल तेव्हा त्याचा मागचा जन्म बाहेर ठेवा. त्याच्या गोळ्या संपल्यात का, रक्त तपासायला सोबत कुणी आहे का, हे विचारा. आणि शाळेतले गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, घरातल्या आज्या, तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते: पाच ते पंधरा वर्षांच्या लेकराचा घसा दुखून ताप आला आणि पुढे एकामागून एक सांधे सुजले, तर त्याला वाढीचं दुखणं म्हणू नका. त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात न्या आणि छातीला नळी लावून हृदय तपासायला सांगा. रुमॅटिक ताप ठरला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षं, न चुकवता द्या. ते इंजेक्शन दुखतं, लेकरू रडतं. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, आणि झडप त्याने वाचते.