गोडे पाणी, खारे पाणी



प्रभू येशूने आपले पहिले शिष्य निवडले ते मासे धरणाऱ्यांच्या होड्यांमधून. आपला बुलडाणा जिल्हा समुद्रापासून फार दूर. समुद्र आपल्यापर्यंत पोचतो तो आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या रूपाने. तरीही गोडे आणि खारे अशी दोन्ही पाणी देवाने आपल्या जिल्ह्यात ठेवली आहेत. आज या दोन पाण्यांकडे आपण श्रद्धेच्या नजरेने पाहू या.

गोड्या पाण्याची ठिकाणे आपल्या ओळखीची आहेत. देऊळगाव राजाकडे खडकपूर्णा, मोताळ्याकडे नळगंगा, मेहकरकडे पेनटाकळी. येथे भोई बांधव जाळी टाकतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. म्हणून मच्छीमार सहकारी संस्था मत्स्यबीज आणून जलाशयात सोडतात. आधी सोडायचे, मग धरायचे, असा हा व्यवसाय आहे. धरणही तसेच. ते पावसात भरते, कालव्याने शेतांना पाणी देते, पुन्हा भरते.

खारे पाणी आहे लोणारला. अशनीच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. विवराच्या काठावरून ‘धारे’चे गोडे पाणी खाली येते. पावसाचे पाणीही गोडेच. मग सरोवर खारे का? कारण पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मागे राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी खूप आटले, खारटपणा वाढला आणि क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सरोवर गुलाबी झाले, हे आपल्याला आठवत असेल. पाणी असे तीव्र खारे असते तेव्हा त्यात रोहू-कटला जगत नाहीत.

प्रभूच्या देशातही अशीच दोन पाणी आहेत. यार्देन नदी गालील सरोवरात उत्तरेकडून येते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. ते पाणी गोडे आहे. शिमोन पेत्राने तेथेच रात्रभर कष्ट केले आणि प्रभूच्या शब्दावरून पुन्हा जाळे टाकले. तेथील तिलापिया माशाला लोक आजही ‘संत पेत्राचा मासा’ म्हणतात. त्याचे भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातल्या धरणांतही सापडतात. तीच यार्देन पुढे मृत समुद्राला मिळते. तेथून पुढे वाट नाही. ते पाणी महासागराच्या नऊ-दहा पट खारट, आणि त्यात मासा नाही.

बंधुभगिनींनो, लोणारच्या पाण्यात काही दोष नाही. देवाने त्यालाही शैवाल आणि पक्षी दिले आहेत. ते जपणे आपले कर्तव्य आहे. परंतु माणसाचे अंतःकरण असे बंद राहण्यासाठी घडवलेले नाही. दर रविवारी आपण देवाचा शब्द ऐकतो, ख्रिस्तशरीर स्वीकारतो. गोड्या पाण्याची धार आपल्यावर सतत पडते आहे. तरी मनात कडवटपणा का साचतो? वावराच्या बांधावरून दोन भावांचे बोलणे बंद होते. लग्नात मान मिळाला नाही म्हणून दोन घरांचे येणे-जाणे थांबते. एकाच वेदीसमोर आपण दोन टोकांच्या बाकांवर बसतो आणि मिस्सा संपताच वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतो. मिळालेली क्षमा पुढे वाहिली नाही की मागे फक्त क्षार उरतात. मग त्या घरात मुलांची श्रद्धाही तग धरत नाही. संत याकोब आपल्या पत्रात हाच प्रश्न विचारतो, की एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसे येईल?

आपला धर्मग्राम लहान आहे. तरुण मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. थोडीच घरे उरतात, आणि त्यांतही अबोला असेल तर माणसे धरणारे आपण कोणत्या पाण्यात जाळे टाकणार?

पण निराश होण्याचे कारण नाही. यहेज्केल संदेष्ट्याला दर्शन झाले की, मंदिरातून निघालेला गोड्या पाण्याचा प्रवाह त्या खाऱ्या समुद्राला जाऊन मिळतो, पाणी निरोगी होते आणि एन-गेदीच्या काठावर कोळी जाळी वाळत घालतात. ज्या ठिकाणी कोणी जाळे घेऊन जात नव्हते, तेथे मासेमारी सुरू होते! तो प्रवाह वेदीजवळून निघतो. आपणही वेदीजवळच बसलो आहोत.

म्हणून या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक वाट उघडू या. ज्याच्याशी बोलणे थांबले आहे त्याच्या घरी जाऊ या. जमत नसेल तर निदान फोन करू या. बांधाचा हिशेब नंतर होईल, आधी चहा होऊ द्या. समोरच्याने दार उघडले नाही, तर रागावून परतू नका. पेत्राच्या पहिल्या रात्रीही जाळे रिकामेच होते. पुढच्या रविवारी अर्पण घेऊन वेदीपाशी येताना प्रभूचे सांगणे आपल्या ध्यानात असो: आधी भावाशी समेट, मग अर्पण.

हे प्रभो, तुझ्या कृपेचे गोडे पाणी आमच्यात साचून खारे होऊ देऊ नकोस. ते आमच्यातून आमच्या भावापर्यंत वाहू दे. आमेन.