देव घरातही होता

देवगडहून जामसंड्याकडे येताना रस्त्याच्या कडेला लागलेले श्रद्धांजलीचे बॅनर कधी नीट वाचा. वारलेले पुरुष वेगवेगळे असतात. कोणी आंबा बागायतदार, कोणी माजी सरपंच, कोणी भजनी बुवा. वारलेल्या बायका मात्र सगळ्या सारख्याच. प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक, त्यागमूर्ती. माझी आजी गेली तेव्हा तिच्याही वाट्याला हेच चार शब्द आले. त्यांतला धार्मिक शंभर टक्के खरा. प्रेमळ आणि कष्टाळू आपापल्या जागी ठीक. पण त्यागमूर्ती? तिला ओळखणाऱ्या कोणालाही हसू यावं.

आजी फिरायची. कुणकेश्वर तर तिच्या लेखी अंगणच होतं. तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल झाला आणि ते आणखी जवळ आलं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. ती तारीख गावात सगळ्यांत आधी आजीला कळलेली असायची. पंढरपूर, गाणगापूर, काशी, रामेश्वरम, जगन्नाथपुरी. यात्रा कंपनीच्या बसने, कधी रेल्वेने, गुडघे दुखत असताना, एकदा तर डॉक्टर नको म्हणत असताना. सोबत एक वही असायची. तिच्यात स्तोत्रं नव्हती. कुठे चहा किती रुपयांना मिळाला, कुठल्या धर्मशाळेत नळाला पाणी नव्हतं, पुरीला समुद्र आपल्यासारखा नाही, असलं लिहिलेलं.

एकदा काकाने तिला टोमणा मारला, देव काय घरात नाही का? ती पान लावता लावता म्हणाली, "देव घरातय आसा रे. पण घरात कामय आसता."

हे वाक्य मी मित्रमैत्रिणींना सांगतो तेव्हा सगळ्यांना ते फार आवडतं. लगेच निष्कर्ष तयार होतो: म्हणजे भक्ती हा बहाणा होता, आजीला खरं तर स्वातंत्र्य हवं होतं. आजीची सोलो ट्रिप! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे काही घडलं की मूळ कारण एकच शोधायचं आणि तिकीट बंद करायचं, ही सवय लागते. पण माणूस असा बंद करता येत नाही. काशीला गंगेत उभी असताना आजी रडली होती, हे तिच्याबरोबर गेलेल्या बायकांनी सांगितलं. ते रडणं बहाणा नव्हतं. आणि वहीतला चहाचा भावही खोटा नव्हता. भक्तीतून प्रवास वजा केला की जे उरेल तीच शुद्ध भक्ती, हा हिशोब आपला आहे, तिचा नव्हता. संतांनी तीर्थांच्या मागे धावणाऱ्यांना कमी का सुनावलं? तरी नामदेव पंजाबपर्यंत गेलेच.

बाईला घराबाहेर पडायला कारण लागायचं आणि देव हे एकच कारण असं होतं, ज्याला कोणी नाही म्हणू शकत नव्हतं. पुरुषाचं तसं नव्हतं. वरसईचे गोडसे भटजी 1857 साली उत्तरेकडे निघाले ते यज्ञातली दक्षिणा मिळवायला, आणि बंडात सापडले. कर्ज फेडायचंय, एवढं कारण त्यांना पुरलं. बाईसाठी ते पुरलं नसतं.

याचं मोठं उदाहरण कोकणातच आहे. श्रीवर्धनच्या भट घराण्याची सून राधाबाई, म्हणजे बाळाजी विश्वनाथांची पत्नी, पहिल्या बाजीरावाची आणि चिमाजी आप्पाची आई. 1720 साली त्या विधवा झाल्या. 1735 साली पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या आणि 1736 साली परतल्या. वर्षाहून जास्त काळ त्या वाटेवर होत्या. उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया. उदयपूरच्या महाराण्याने, जयपूरच्या सवाई जयसिंगाने त्यांचा मोठा मान राखला. मुलाचा दरारा सोबत चालत होता. पुढच्याच वर्षी, 1737 मध्ये, बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर धडकला. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत ही यात्रा येते ती बहुतेक बाजीरावाच्या राजकारणाच्या प्रकरणात. कोणत्या राजाने किती आदर दाखवला, त्यावरून मराठ्यांचं वजन मोजायला. अठराव्या शतकात एक विधवा कोकणी बाई उत्तर हिंदुस्थान बघून आली, हे वाक्य त्या प्रकरणात दुय्यम होऊन जातं. तिकडे ती राजकारणाची मोजपट्टी, इकडे आजी त्यागमूर्ती. दोघींनाही कोणाच्या तरी उपयोगी असल्याशिवाय आठवता येत नाही की काय?

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण पालखी कोणीतरी उचलतंच. राधाबाईंच्या यात्रेत भोई होते, नोकरचाकर होते, शिपाई होते. आजीच्या यात्रेत माझी आई होती.

आजी एका वर्षी ऐन एप्रिलमध्ये चारधामच्या बुकिंगला हो म्हणून बसली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गेली. देवगड-जामसंड्यात मे म्हणजे काय ते बागायतदाराच्या घरी विचारा. कलमांवरून आंबे उतरतायत, गडी जेवायला बसतायत, गवत पसरून पेट्या भरल्या जातायत, ट्रक रात्री सुटायचाय. त्या महिन्यात आई पहाटे चारला उठायची. आजी केदारनाथहून आली, प्रसाद दिला, आईने नमस्कार केला. आई तोवर पंढरपूरच्या पुढे गेलेली नव्हती.

त्यामुळे 'आजी मुक्त बाई होती' असं मी सरळ म्हणू शकत नाही. तिची मोकळीक दुसऱ्या बाईच्या पहाटेवर उभी होती. आणि त्याचा दोष तिच्या एकटीवर टाकणंही बरोबर नाही, कारण त्या घरात पुरुष चार होते आणि पेट्या भरण्याची पाळी त्यांच्यापैकी कोणीही वाढवून घेतली नाही. पंडिता रमाबाईंचं बालपण तीर्थयात्रांतच गेलं. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवलं ते याच भटकंतीत, आणि 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील दोघंही गेले तेही याच भटकंतीत. एकाच वाटेने विद्या आली आणि उपासमारही. पुढे रमाबाई त्या वाटेबद्दल कठोर झाल्या. त्यांना तो हक्क होता. तसा माझ्या आईलाही आहे.

मला वाटतं, मेलेल्या माणसाचं आपल्यावर एक देणं असतं: त्याला आहे तेवढंच ठेवायचं. त्यागमूर्ती म्हटलं की आजीची वही खोटी ठरते. बंडखोर म्हटलं की तिचं गंगेतलं रडणं खोटं ठरतं. आणि दोन्हींपैकी काहीही म्हटलं तरी आईची पहाट गळतेच. बॅनरवर हे सगळं मावणार नाही, मान्य. पण बॅनर छापायला देताना घरात जे बोलणं होतं त्यात तर मावू शकतं. आमच्याकडे मावलं नाही. मी 'त्यागमूर्ती' काढून 'भ्रमंतीची आवड' असं सुचवलं, तर एक आत्या म्हणाली, लोक काय म्हणतील. आई काहीच बोलली नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर आईने आजीची वही मागून घेतली. मला वाटलं आठवण म्हणून. परवा फोनवर विचारत होती, मे सोडून चारधामचं बुकिंग कधी मिळतं, आणि पावसाळ्यानंतर तिकडे थंडी किती असते.