अभेद्य नायकाचे मृत्युभय

सुपरमॅन १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला, तेव्हा तो पुरता अभेद्य नव्हता. फुटणारा तोफगोळा त्याची कातडी भेदू शकेल, एवढी फट जेरी सीगल आणि जो शूस्टर या निर्मात्यांनी ठेवली होती. पुढे त्याचे बळ इतके वाढले की अणुस्फोटही तो सोसू लागला. या बळाला मर्यादा घालणारे क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आणि १९४९ मध्ये कॉमिक्समध्ये आले.

नायकाचे शौर्य या मर्यादेवरच अवलंबून आहे. ॲरिस्टॉटलच्या मते शूर माणसालाही भय वाटते, पण योग्य हेतूसाठी तो ते सोसतो. कशालाच न भिणारा वेडा किंवा संवेदनाशून्य म्हणावा लागेल. गोळी ज्याला लागतच नाही, त्याने गोळीबारासमोर उभे राहण्यात शौर्य नाही. क्रिप्टोनाइट असलेल्या खोलीत त्याने पाऊल टाकले, तर ते शौर्य ठरते.

सामान्य माणसाचे मृत्युभय अनेक लहान धोक्यांत विखुरलेले असते. आजारपण, जखमा, थोडक्यात टळलेले अपघात यांतून देहाच्या नश्वरतेशी त्याची ओळख होत जाते. अभेद्य नायकाला हा सराव नसतो. त्याचे भय एकाच जागी साठते. गांधारीच्या दृष्टीने दुर्योधनाचा देह वज्रासारखा झाला, पण झाकलेल्या मांड्या तशाच राहिल्या, या लोकप्रिय कथेतही अखेर घाव तिथेच बसतो.

स्वतःचा मृत्यू दूर असला, की दुसऱ्यांच्या मृत्यूचे भय वाढते. सुपरमॅनवरील १९७८ च्या चित्रपटात त्याचा पालकपिता जोनाथन केंट हृदयविकाराने मरण पावतो आणि एवढे सामर्थ्य असलेला दत्तक पुत्र त्याला वाचवू शकत नाही. येथे नायकाला आपल्या अभेद्यतेचा काहीच उपयोग होत नाही.

१९९२ मध्ये डूम्सडे या राक्षसाशी लढताना सुपरमॅन मेला आणि पुढच्याच वर्षी परतला. अशा पुनरागमनांमुळे मृत्यूचा धाक ओसरतो. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’मध्ये (२००५–२००८) मात्र त्याला शक्ती देणाऱ्या सूर्याचीच मात्रा अति होते आणि त्याचा अंत ठरतो. उरलेल्या दिवसांत तो अपुरी कामे हातावेगळी करतो, प्रेयसीला आपली खरी ओळख सांगतो. असाध्य रोगाचे निदान झालेला माणूसही याच कामांकडे वळतो. येथे अफाट बळाने सुपरमॅनला वेगळा मार्ग मिळत नाही.