बसायला कारण

आत्याचे गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. मे महिन्यात मी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला तिच्याकडे गेलो तर तिचं चालणं बंद पडलेलं. "कुठं चालू रे? रोडवर निघालं की चौघं विचारतेत, कुठं निघालाव म्हणून. काय सांगू, कुठंच नाही?"

खरं तर कंधारला जागेचा तोटा नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला भुईकोट किल्ला, त्याभोवती पाण्याचा खंदक, शिवाय जगत्तुंग सागर हा राष्ट्रकूटांच्या वेळचाच तलाव. पंचवीस-तीस हजारांच्या गावाला एवढं मिळालंय, पुण्यातल्या माणसाला हेवा वाटावा. मी आत्याला किल्ल्यात घेऊन गेलो. पहिल्याच दारातल्या उंच उंबऱ्याशी ती थांबली, भिंतीला हात टेकून. शत्रूला अडवायला केलेली वाट गुडघेदुखीलाही तितकीच अडवते. शिवाय मेमध्ये बाहेर पडण्याजोगं ऊन उतरतं तोवर किल्ल्यातून परतायची वेळ झालेली असते.

मग घराजवळची जागा पाहिली. शेत एनए करून ले-आउट पाडला की मोठ्या जमिनीत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमच्याकडे सगळे तिला 'ओपन स्पेस' म्हणतात. आत्याच्या कॉलनीतल्या ओपन स्पेसमध्ये एका कोपऱ्यात मंदिर आहे, दुसऱ्या कोपऱ्यात कुलूपबंद सभागृह, आणि मधल्या तुकड्यात वेडी बाभूळ, फुटक्या फरश्या, कुणाचीतरी ट्रॉली. नकाशात मात्र ती हिरव्या रंगात आहे.

सेसिल कोनाइनेन्डाइक या नागरी वनशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०२१ मध्ये एक सोपं माप सुचवलं: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी, ३०० मीटरच्या आत बाग असावी. आत्याच्या खिडकीतून दोन लिंब दिसतात. तीनशे मीटरचं गणित तर ओपन स्पेसनं कधीच सोडवलंय, कागदावर.

बाग म्हटली की आपल्याकडे आधी लॉन, मग कारंजं, मग 'गवतावर चालू नये' ही पाटी. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या मुलखात लॉनला टँकर घालणं मला तरी शोभत नाही. लिंबाचं रोप दोन-तीन उन्हाळे जगवलं की पुढं त्याचं ते बघतं, आणि त्याच्याखाली बसता येतं. पण लिंबाखाली फीत कापता येत नसावी.

अर्थात लिंब लावूनही आत्याचा प्रश्न उरतोच. गड्यांना पार आहे, चहाची टपरी आहे, तलावाची पाळ आहे. तिथं तासभर नुसतं बसलं तरी कुणी हटकत नाही. बाईला बसायला कारण लागतं. वडाला जायचं, भाजी आणायची, नातवाला खेळवायचं. नुसतं बसलेली बाई दिसली की घरी काहीतरी बिनसलंय, असंच गाव धरून चालतं. मीही तिला नेताना "किल्ला दाखवून आणतो" असंच घरात सांगितलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

निघायच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी आत्या म्हणाली, "चल, दर्ग्याला जाऊन येऊ." हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. वाटेत दोघींनी विचारलं, कुठं निघालाव? आत्यानं हातातली फुलांची पुडी नुसती वर केली.

फुलं वाहून झाली, दोन मिनिटं लागली असतील. मग ती आवारातल्या सावलीला भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले, चपला शेजारी ओढून ठेवल्या. आजूबाजूला अशाच सात-आठ जणी, कुणी बुरख्यात, कुणी नऊवारीत. एकीनं आत्याला सरकून जागा दिली आणि गुडघ्याला कोणतं तेल लावता ते विचारलं.

अंधार पडायला लागला तसा मी घड्याळ दाखवलं.

"बस की जरा," ती म्हणाली. "आता आठ दिवसांनी येणं होईल."