जागे राहणे हीसुद्धा प्रार्थना



मोठे दुखणे आले की आपल्या कळंबचा रुग्ण यवतमाळला, नाहीतर सेवाग्रामला न्यावा लागतो. दिवसा भेटायला माणसे येतात, संत्री-बिस्किटे ठेवतात, धीर देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. रात्र मात्र घरच्या एकट्या माणसाच्या वाट्याला येते.

मागे एका रुग्णालयात आम्हीही एका आजोबांच्या खाटेशी रात्री बसलो होतो. पहाटे आमचा डोळा लागला. आजोबा लघवीला एकटेच उठले आणि पडले. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. आपण नुसते बसलो आहोत, असे आम्हाला वाटत होते. पण ते बसणे हेच आमचे काम होते.

वयस्कर माणसाला तापात किंवा ऑपरेशननंतर रात्री भ्रम होऊ शकतो. तो सलाइनची नळी ओढतो, घरी जायचे म्हणून खाटेवरून उतरतो. अशा वेळी त्याच्यावर ओरडू नये, त्याचे हात बांधू नयेत. त्याला चष्मा द्यावा, नावाने हाक मारावी, तो कुठे आहे ते शांतपणे सांगावे. तो उठू लागला तर लगेच सिस्टरना बोलवावे. सलाइन आपण कमी-जास्त करू नये.

गेथसेमनी बागेत प्रभू येशूने पेत्राला आणि जब्दीच्या दोन मुलांना आपल्यासोबत जागे राहण्यास सांगितले. त्याचे दुःख दूर करणे त्यांच्या हाती नव्हते. जागणे तेवढे हाती होते आणि तेही त्यांना जमले नाही. ते दुष्ट नव्हते. दुःखाने थकून झोपी गेले, असे संत लूक सांगतो. आपलेही तसेच होते. प्रेम असते, पण शरीर थकते.

म्हणूनच हे काम पाळीने करायचे असते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. जवळजवळ ४२ वर्षे तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, सेवा थांबली नाही.

आपल्या धर्मग्रामातही हे होऊ शकते. रुग्णाला भेटायला जाल तेव्हा दोन तास जास्त काढा. "वहिनी, तुम्ही जरा पडा, आम्ही जागतो," एवढे म्हणा. रोजीसाठी रात्रभर रुग्णाजवळ बसणाऱ्या मावशींनाही चहा विचारा, त्यांचा मान राखा. ज्यांना एखादी रात्र देता येईल त्यांनी आज मिस्सानंतर आपली नावे द्यावीत.

हे प्रभू, आजाऱ्यांच्या उशाशी आम्हाला जागे ठेव, आणि आम्ही थकू तेव्हा आमच्या जागी दुसरा भाऊ, दुसरी बहीण पाठव. आमेन.