नुसता बोलणारा मित्र आणि खरा मित्र



आपल्या पेडगावात आणि आसपासच्या खेड्यांत शिकलेली मुले कामाच्या शोधात आहेत. पाहुणे येतात आणि विचारतात, "मग, लागला का कुठं?" या प्रश्नाने काम मिळत नाही. मुलाची मान मात्र खाली जाते.

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश दीघनिकायात आहे. त्यात खोट्या मित्रांचा एक प्रकार सांगितला आहे, तो म्हणजे नुसता बोलणारा. तो मागच्या गोष्टी सांगतो, पुढची आश्वासने देतो आणि गरजेच्या वेळी स्वतःची अडचण पुढे करतो. "काल का नाही आलास? काम झालंच असतं," म्हणणारा तो हाच. खरा उपकारक मित्र मात्र मागितल्याच्या दुप्पट देतो. आईबापांनी मुलाला कसब शिकवावे, आचार्यांनी शिष्याचे गुण आपल्या मित्रमंडळींत सांगावेत, हेही त्याच सुत्तात आहे.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हे कर्तव्य पाळले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे पैशावाचून शिक्षण अडले, तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. हा वशिला नव्हे. लायकी नसताना लावतात तो वशिला. लायक माणसाची ओळख करून देणे हा धम्म आहे.

मग आपण काय करावे? जाहिरात दिसली की त्याच दिवशी कळवावे. नोकरीत असलेल्याने एक संध्याकाळ बसून अर्ज तपासून द्यावा. परभणीत घर असेल त्याने परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला, आणि मुलीलाही, मुक्कामाला ठेवावे. गवंडी, वायरमन, शिंपी असेल त्याने पुतण्याला हाताखाली घ्यावे आणि त्याची मजुरी बुडवू नये. १९९० पासून केंद्राच्या नोकऱ्यांतही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. म्हणून धर्म लपवू नका, दाखला मात्र वेळेत काढा. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्यापायी शेत विकू नका. तसे करणाऱ्याला अडवणे, हीही मैत्रीच आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर प्रत्येकाने एका मुलाचे किंवा मुलीचे नाव घ्यावे आणि आपण तिच्यासाठी, त्याच्यासाठी काय करणार ते सर्वांसमक्ष सांगावे. पुढच्या पौर्णिमेला केले काय, तेही सांगावे.

नमो बुद्धाय! जय भीम!