नाव लागलं का?

निवडीची यादी पीडीएफमध्ये येते आणि सगळ्यांत आधी तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर पडते. ज्याचं नाव नसतं तो ती तीनदा वाचतो. एकदा स्वतःच्या नावासाठी, एकदा आडनाव चुकीचं तर छापलं नाही ना म्हणून आणि तिसऱ्यांदा कोणाकोणाचं लागलं ते बघायला. तोवर गटावर फुलांचे गुच्छ आणि जोडलेले हात सुरू झालेले असतात. आपणही एक ‘हार्दिक अभिनंदन सर’ टाकतो. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपता संपता कोणीतरी विचारतंच, “काय सर, नाव लागलं का?”

मी घनसावंगी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. परदेशातल्या एका प्रशिक्षणासाठी दोनदा अर्ज केला, दोन्हीदा नाव लागलं नाही. पहिल्या वेळी राग आला. दुसऱ्या वेळी लाज वाटली आणि ती रागापेक्षा जास्त दिवस टिकली. लोक म्हणतात, मनावर घेऊ नका. चार महिने रात्री जागून लिहिलेला प्रस्ताव मनावर घेतल्याशिवाय लिहिता येतो का? मग नकार तेवढा मनाबाहेर कसा ठेवायचा?

पुरस्कारांचे आकडे थोडा धीर देतात. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या वर्षी देशभरातून 45 जण निवडले गेले. देशात शिक्षक नव्वद लाखांहून जास्त. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा हे गणित कामाला येत नाही, हेही सांगून टाकतो.

अर्जात एक रकाना हमखास असतो: उपक्रमापूर्वीची स्थिती, उपक्रमानंतरची स्थिती, पुराव्यासह. माझा उपक्रम वाचनाचा होता. चौथीतली एक मुलगी जूनमध्ये जोडाक्षर आलं की थांबायची, बोट तिथंच दाबून धरायची. दिवाळीपर्यंत ती धडा सलग वाचू लागली. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा तिची जागा रिकामी होती. मुकादमाची उचल घेतलेलं घर ऊसतोडीला गेलं होतं आणि धाकट्या भावाला सांभाळायला तीही. घनसावंगी, अंबड, मंठा या पट्ट्यात हे दरवर्षीचं आहे. हंगामी वसतिगृहासाठी आम्ही घरोघर फिरतो. काही पोरं आजीजवळ राहतात, काही जातातच. ‘नंतरची स्थिती’ मोजायची वेळ आली तेव्हा माझा निम्मा पट उसाच्या फडात होता. रकान्यात मी हजर मुलांची सरासरी लिहिली. सरासरी खोटी नव्हती. त्या मुलीला मात्र तिच्यात जागा नव्हती.

त्यामुळे माझ्यावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. महिनाभरानं प्रस्ताव पुन्हा काढून वाचला तर तो कुठल्याही तालुक्यातल्या कुठल्याही शाळेचा वाटला. मी आमची शाळा धुऊन-पुसून, इस्त्री करून पाठवली होती. परीक्षकांनी नाकारली ती फाईल, आणि फाईल नाकारण्यासारखीच होती. हे कळायला महिना जावा लागला. यादी लागली त्या रात्री कळलं नसतं.

आता नाव लागलेल्या एकाचं बघा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी 3 डिसेंबर 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज जिंकले. 140 हून अधिक देशांतून आलेली बारा हजारांवर नामांकनं, बक्षीस दहा लाख डॉलर. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं. आमच्याकडे सगळ्यांनी त्याला दिलदारपणा म्हटलं. मला त्यात चोख हिशेब दिसतो. पहिल्या आणि दहाव्या शिक्षकात दहा लाख डॉलरचं अंतर असूच शकत नाही. (याच गुरुजींना पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायचं होतं, तेव्हा रजेवरूनच अडलं, जानेवारी 2022 मध्ये शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ती मिळाली. नाव लागलं म्हणजे सुटलो, असंही नसतं.)

नकार पचवायला मला उपयोग झाला तो आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेचा. ही महिन्याची बैठक चहा-पोह्यांवर आणि माहिती भरून देण्यावर संपते अशी तिची ख्याती, आणि बऱ्याचदा ती खरीही असते. एकदा मी तिथं माझा नाकारलेला प्रस्ताव वाचून दाखवला. ओशाळवाणं वाटत होतं. ऐकून झाल्यावर शेजारच्या शाळेतल्या एक मॅडम म्हणाल्या, “सर, ती पोरगी पाडव्यानंतर परत आली असंल ना? तिचं वाचन पुन्हा घेतलं का?”

घेतलं नव्हतं. अर्जाची मुदत त्याआधीच संपली होती.

मला हवा होता तो अभिप्राय हा होता, आणि द्यायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. परीक्षकांकडून दोन्हीदा आलेल्या ईमेलमध्ये ‘मोठ्या संख्येने आलेल्या दर्जेदार अर्जांमुळे’ एवढंच कारण होतं. निवड समित्यांवर बसणाऱ्यांपैकी कोणी हा अंक चाळत असेल तर एवढंच मागणं आहे: ज्यांचं नाव लागलं नाही, त्यांना का लागलं नाही ते दोन ओळींत कळवा.